जवस की जवळा

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हा नियम ज्या बाईनं पहिल्यांदा केला तिला नक्की एकच शेजारीण असणार. दोन असत्या तर तिनं हा नियम केलाच नसता. कात्रजला आमच्या मैत्रबन सोसायटीत एका जिन्यावरची तीन घरं या नियमात अशी अडकलीत की डबा म्हणून थांबत नाही. आमच्याकडून ढोकळा गेला की त्याच डब्यातून शंकरपाळे येतात. शंकरपाळे पाठवणारणीचा दुसरा डबा आमच्याकडे राहिलेलाच असतो, त्यात चिवडा जातो, आणि चिवड्याच्या डब्यातून शिरा येतो. कोणाचं काय कोणाकडे वाहत गेलं याचा पत्ता बाबांच्या पाटबंधारे खात्यालासुद्धा लागायचा नाही. आणि ते खातं तर पाण्याचा हिशेब ठेवतं.

ही तीन घरं कोणती ते आधी सांगते, म्हणजे पुढे गोंधळ माझा एकटीचाच राहील.

समोरच्या दारात आगाशे. दीनानाथकाका आणि द्वारकाकाकू. जन्म कसबा पेठेत काढून मुलाच्या हट्टापायी इकडे राहायला आले, आणि अजून 'जरा पुण्यात जाऊन येतो' असं सांगून बसमध्ये बसतात. आमच्या डोक्यावर वेंगुर्ल्याचे रोहनदादा आणि शर्मिलावहिनी. दोघंही आयटीतली. वहिनींना आठवा महिना, म्हणून त्या घरूनच लॅपटॉप पोटावर टेकवून काम करतात. आणि आम्ही मेश्राम, भंडाऱ्याचे. बाबा, आई, हिंजवडीत नोकरी करणारा माझा दादा प्रज्ञेश, आणि मी, पूर्णिमा, दहावी ब, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत दुसरी. पहिल्या मुलीचा विषय सोपा होता.

द्वारकाकाकूंचा डबा या फेऱ्यात सगळ्यांत उशिरा आला. सुरुवातीला त्या आमच्याकडून फक्त फळं घ्यायच्या. केळी, डाळिंबं, एकदा तर अख्खा फणस घेतला. पण घरात केलेलं काही नेलं की 'अगं बाई, आज माझा उपास' असं व्हायचं. काकूंचे उपास कॅलेंडरात मावत नव्हते. आई यावर काही बोलायची नाही. घरी येऊन भरलेला डबा ओट्यावर ठेवताना फक्त जरा जास्त आवाज व्हायचा, बस. मग गेल्या दिवाळीत काकूंनी आईची जवसाची चटणी ठेवून घेतली, आणि दोन दिवसांनी दारातूनच म्हणाल्या, "छान झाली होती हं चटणी, मेश्रामबाई." त्या दिवसापासून आमच्या घरात जवस संपणं म्हणजे मीठ संपण्यासारखं झालं. भंडाऱ्याहून कोणी येणार असलं की आई फोनवर आधी जवस सांगायची, मग तब्येत विचारायची.

आता संकटाकडे येते.

दादानं मॉलमधून 'सागरसखी' नावाची जवळ्याची चटणी आणली. एका बाटलीवर एक बाटली फुकट. जवळा म्हणजे ती बारीक सुकवलेली कोळंबी. आमच्याकडे तिला झिंगे म्हणतात. पण पुण्यात आल्यापासून आई झिंगे म्हणत नाही. ती 'शुद्ध' बोलते. लेबलवर जवळा होतं, म्हणून आईही जवळा म्हणाली. तेवढ्या वेळी तिनं आपलं भंडाऱ्याचं झिंगे म्हटलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती, आणि शुद्ध मराठीनं माणसाच्या जिवावर कसं बेततं हे मला कधीच कळलं नसतं.

आईचं आणखी एक तत्त्व आहे. काचेच्या बाटलीवर कागद राहता कामा नये, कारण कागदाखाली झुरळं अंडी घालतात. बाटली घरात आली की आधी कोमट पाण्यात बसते. लेबल सुटतं, डिंक नारळाच्या शेंडीनं घासला जातो, मग ती बाटली आमची. अशा या दोन्ही बाटल्या आमच्या झाल्या. पहिलीतला जवळा आम्ही संपवला आणि तिच्यात आईनं जवसाची चटणी भरली. दुसरीत जवळ्याचीच होती. दोन्ही तांबूस, दोन्हींत लसूण, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या.

रविवारी आई विहारात निघाली होती. आतल्या खोलीत निऱ्या घालता घालता तिनं मला काम सांगितलं. तिच्या तोंडात दोन सेफ्टी पिना होत्या. माझ्या कानात गाणं होतं आणि नाक सर्दीनं बंद होतं. तिनं सांगितलं ते मला असं ऐकू आलं: "आगाशेकाकूंच्या डब्यात जवफाची भर, शर्मिलाच्या डब्यात जवफाची." मी परत विचारायला हवं होतं. पण गाणं ऐन रंगात आलं होतं, आणि मला वाटलं, दोघींना एकच द्यायचं असेल, पण दोन बाटल्या दिसतायत तर दोन्हींतलं जाऊ दे. मी एक बाटली एका डब्यात रिकामी केली, दुसरी दुसऱ्या डब्यात, डबे पोचवले, बाटल्या विसळून पालथ्या घातल्या, आणि एवढं न सांगता केल्याबद्दल स्वतःवर खूश होऊन बसले.

पुढच्या शनिवारी आई फळीवरचे कागद बदलत होती. मला रद्दीतलं वाचायची सवय आहे. ताज्या पेपरात कोणीतरी आधीच सगळं वाचलेलं असतं, फळीवर घालायच्या पेपरात मात्र आपलं स्वतःचं असं काही सापडतं. तसं मला सापडलं. चौकटीत 'ग्राहकांसाठी जाहीर सूचना' होती. मी ती हात पुढे करून वक्तृत्वाच्या आवाजात वाचायला घेतली. "सदर उत्पादनात घातक जिवाणूंची वाढ झाल्याची शक्यता नाकारता येत नसल्याने ते बाजारातून परत मागविण्यात येत आहे. ग्राहकांनी त्याचे सेवन तात्काळ थांबवावे. दृष्टी दुहेरी होणे, उच्चार अस्पष्ट होणे, गिळताना त्रास होणे अशी लक्षणे आढळल्यास..." इथपर्यंत आवाज चांगला लागला होता. मग उत्पादनाचं नाव आलं. 'सागरसखी' हा शब्द मी इतक्या हळू वाचला की आईला तो परत विचारावा लागला.

"आपण खाल्ली ती संपून पंधरवडा झाला," आई म्हणाली. "आपल्याला काही झालं नाही. दुसरी बाटली कुठंय?"

मी पालथ्या घातलेल्या बाटल्यांकडे बोट केलं.

"मी शर्मिलाला द्यायला सांगितली होती ती जवळ्याची. दिली ना तिलाच?"

यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. आईचा चेहरा मात्र आठवतो. ती हातातला कागद घेऊन जमिनीवरच बसली. जवळ्याची वरती गेली असेल तर वहिनी आणि त्यांचं बाळ. समोर गेली असेल तर काकू-काका, शिवाय आगाशांच्या सात पिढ्यांचं शाकाहारी सोवळं. एका घरात जीव जाणार, दुसऱ्यात जीव आणि धर्म दोन्ही. आणि दोन्हीकडे मी स्वतः पोचवून आले होते, 'आईनं दिलंय' असं हसून सांगत.

मी जिना चढून वर धावले. वहिनी सोफ्यावर उशांच्या ढिगात होत्या. मी दम खात विचारलं की रविवारी दिलेल्या डब्यात कोणती चटणी होती. त्या म्हणाल्या, जवसाची, भारी होती, दोन दिवसांत फस्त केली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये लॅपटॉप आणि बाळ होतं. खात्री करावी म्हणून मी विचारलं, "जवळ्याची नव्हती ना? नक्की?" तर वहिनींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला, आणि मला विचारलं की जवळ्याचं मला कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, मग तूही कोणाला सांगू नकोस. मला वाटलं, आठव्या महिन्यात असं होत असेल. मी खाली आले.

म्हणजे जवळा आगाशांकडे गेला होता.

घरात तातडीची सभा भरली. दादा म्हणाला, हा बग प्रॉडक्शनला गेलेला आहे, रोलबॅक करावा लागेल, म्हणजे गेलेलं परत आणायचं. बाबा म्हणाले, तोंडी काही बोलायचं नाही, आधी कंपनीला कळवायचं, योग्य मार्गानं. योग्य मार्ग म्हणजे सूचनेखालचा फोन नंबर. तिथे एका बाईचा आवाज म्हणाला की मराठीसाठी चार दाबा. चार दाबल्यावर सनई वाजली, इतका वेळ वाजली की दादानं विचारलं, लग्न लागलं का. मग एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. बाबांची हिंदी भंडाऱ्याची, म्हणजे तशी बरी, पण घाईत तिला मराठी प्रत्यय लागतात. मी फोन घेतला. तिनं बॅच नंबर विचारला. मी म्हटलं, लेबलवर आहे. लेबल कुठंय? धुतलं. प्रॉडक्ट कुठंय? वाटलं. कोणाला? मी म्हटलं, ताई, त्याचंच तर रडू आहे. तिनं तक्रार नोंदवून घेतली आणि माझा दिवस शुभ जावो असं सांगितलं.

बाबांचा एक ओळखीचा माणूस अन्नतपासणीच्या कचेरीत आहे. बाबांनी त्याला घरी फोन केला, कारण कचेरी शनिवारची बंद. त्यानं समजावून सांगितलं की नमुना सीलबंद लागतो. उघडलेला ते घेत नाहीत. बाबांनी विचारलं, उघडल्याशिवाय आत काय आहे ते कसं कळणार? तो म्हणाला, मेश्रामसाहेब, तुम्हीही सरकारी नोकरीत आहात, तुम्ही तरी असं विचारू नका.

तोवर मी दाराच्या भिंगाला डोळा लावून आगाशांच्या दारावर पाळत ठेवली होती. काका दुधाच्या पिशव्या घ्यायला बाहेर आले. मी जिना उतरायला निघाल्याचं नाटक करून दार उघडलं आणि विचारलं, काका, बरे आहात ना?

काका पिशव्यांकडे बघत म्हणाले, "आज शगळं दोन दोन दिशतंय."

दृष्टी दुहेरी आणि उच्चार अस्पष्ट. एकाच वाक्यात. मी कसंबसं विचारलं, गिळताना त्रास होतो का? काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खिशातून कवळी काढली, तोंडात बसवली, आणि म्हणाले, "दूधवाल्यानं एकीच्या जागी दोन पिशव्या टाकल्यात. दोन दिसतात कारण दोन आहेत. आणि दात घातल्याशिवाय कोणी बोलायला लावलं की त्रास होतो, गिळताना नाही. अजून काही तपासायचंय का डॉक्टरीणबाई?" आणि दार लावलं. मला जरा हायसं वाटलं. पण घरात काकूही होत्या, आणि काकू काही दिसल्या नव्हत्या.

सभेत आणखी ठराव आले. बाबांचा असा की पेपरमधली ती सूचना कापून, नाव न घालता, काकांच्या दाराखालून सरकवावी. सुज्ञ माणूस आहे, समजेल. दादाचा असा की मी जाऊन डबाच उचलून आणावा. मी म्हटलं, चोरी कशाला, मागूनच आणते. मला ती कल्पना फार हुशारीची वाटली. मी वाटी घेऊन गेले आणि काकूंना म्हटलं, आमच्याकडची चटणी संपलीय, तुम्हाला दिलेल्यातली चमचाभर द्याल का.

काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "संपली गं ती. छान झाली होती हं."

मी वाटी घेऊन परत आले. संपली होती. म्हणजे सगळी पोटात गेली होती. काकूंचा रक्तदाब, काकांचं वय, आणि पेपर तर आठवड्याचा शिळा. मला इतकी भीती वाटली की भूक लागली. मी भीतीत खाते, हा दोष आहे पण आहे. भाकरी घेतली, आणि बुधवारी वहिनींच्या घरून आमच्या डब्यात भरून आली होती ती चटणी घेतली. रोहनदादा ती ऑफिसला जाता जाता दारातच देऊन गेला होता. कोळंबीचीच होती पण काय तिची चव. आई पहिल्याच घासाला म्हणाली होती की वेंगुर्ल्याचा हात तो वेंगुर्ल्याचा हात, त्या बाटलीतल्या चटणीला ही चव यायची नाही. मी रोज शाळेच्या डब्यात तीच नेत होते. मैत्रिणींनी मागितली तरी देत नव्हते.

मी खात होते आणि बाबा सांगत होते की घाई नको, सोमवारी बघू. तेव्हा आई उठली. तिनं तोंड धुतलं, विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी काढली, आणि या वेळी पिना तोंडात न धरता लावल्या.

"चंपा, त्यांना काय सांगशील?" बाबा म्हणाले. "आपल्या डब्यातून मासळी गेली म्हणून? परत त्या दाराशी उभं राहता येईल का तुला?"

आईची शुद्ध मराठी तिथेच संपली. "काहून नाही सांगायचं? काय बोलून राहिले तुम्ही? माणूस मेल्यावर डबा काय फोटोपुढं ठेवून येऊ?"

मी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबून तिच्या मागे गेले. आईनं बेल वाजवली. काकूंनी दार अर्धं उघडलं. मागे काका पेपर वाचत होते. डबा पूर्णिमानं भरला, असं आई म्हणाली नाही, पिना म्हणाली नाही, सर्दी म्हणाली नाही.

"द्वारकाताई, रविवारचा डबा माझ्या चुकीनं गेला. त्यात जवळा होता. सुकी मासळी. आणि ती खराब असल्याचं पेपरात आलंय, विष होऊ शकतं म्हणून. तुम्ही दोघं आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला. मला जे बोलायचं ते नंतर बोला."

काकूंचा हात कडीवर होता, तो तिथेच राहिला. काकांनी पेपर खाली केला. मी मनात लक्षणं म्हणत होते, पाढ्यांसारखी.

"मी खाल्ली नाही," काकू म्हणाल्या.

"काकांनी?"

"यांनीही नाही."

"पण पूर्णिमाला तर तुम्ही..."

"संपली म्हटलं. डबा मोकळा झाला होता." काकू कडीकडे बघून बोलत होत्या. "शर्मिलाचा डबा परत द्यायचा राहिला होता माझ्याकडे. लसणाचा वास नको म्हणून नाकाला पदर लावूनच त्यात घालून दिली."

आईनं विचारलं, "दिवाळीतली?"

उत्तर काकांनी दिलं. "म्हणजे जवसाची चटणी या घरात येत होती?" ते म्हणाले. "मला कोणी दाखवलीसुद्धा नाही. मी इथे दोडक्याच्या शिरांची खातोय."

माझी भीती क्षणात उतरली आणि त्याच जागी दुसरं काहीतरी चढलं. आईकडे बघायचा मला धीर होईना. तो भंडाऱ्याहून आलेला जवस, ते भाजणं, फोनवर आधी जवस आणि मग तब्येत, सगळं या दारातून आत जाऊन न चाखता दुसऱ्या डब्यात पडत होतं. आईचा चेहरा मात्र हलला नाही. ती एवढंच म्हणाली, "शर्मिलाला दिली?" आणि पुढच्या क्षणी आम्ही चौघंही जिन्यात होतो, कारण शर्मिलावहिनींना आठवा महिना होता. सगळ्यांच्या पुढे द्वारकाकाकू धावत होत्या. कसब्यातून आल्यापासून काकूंना कोणी धावताना पाहिलं नव्हतं, लिफ्ट असतानाही त्या चालतच, एकेक पायरी मोजत चढायच्या.

वहिनींनी दार उघडलं, तर काकूंनी त्यांचे दोन्ही दंड धरले. "ती चटणी खाल्लीस का? मी दिलेली?"

वहिनींनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "तू सांगितलंस ना? मी नको म्हटलं होतं." मग काकूंना समजावत म्हणाल्या, "काकू, मी कोणाला बोलले नाही हो. डबा उघडला तर सुकटीचा वास. म्हटलं, असते एकेकाची आवड. आगाशेकाकूंना चोरून खावंसं वाटलं असेल, आपल्याला विश्वासानं दिलंय, आपण झाकून ठेवावं. रोहनलासुद्धा म्हटलं नाही तुमच्याकडची म्हणून."

दीनानाथकाका जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. "उपकार झाले," ते म्हणाले. "बेचाळीस वर्षांच्या संसारात हे मला आज कळतंय."

"पण खाल्लीस का?" आई म्हणाली.

"छे हो. वासानंच मळमळलं मला. टाकवेना, म्हणून तुमच्या डब्यात घालून रोहनबरोबर पाठवली. बुधवारी. काकू, तुम्हाला सुकट आवडते ना?"

मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठाच्या कोपऱ्याला तांबडं काहीतरी लागलं होतं. मी ते जिभेनं पुसलं, आणि पुसल्यावर लक्षात आलं की हेही करायला नको होतं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं, कारण मी मरत होते. मला खरंच दोन-दोन दिसायला लागलं. दोन आगाशेकाका, दोन जिने. घशात काहीतरी अडकलं. काकांनी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाला नाही म्हणाला तेव्हा त्याला असं काही ऐकवलं की त्यानं मीटरसुद्धा टाकला. काकू माझ्या शेजारी बसल्या आणि पूर्ण रस्ता माझा हात दाबून धरून होत्या. मी त्यांना म्हटलं की माझी वक्तृत्वाची ढाल पूर्वाला द्या, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला, पण फिरती असेल तर शाळेलाच द्यावी लागेल.

डॉक्टरांनी आम्हा चौघांनाही तपासलं, कारण आई-बाबा-दादांनीही चाखली होती. मला बोट दाखवून विचारलं किती, मी म्हटलं एक. पाणी गिळायला लावलं, गिळलं. मग उच्चार बघू, काहीतरी बोल म्हणाले. मी उभी राहिले, हात पुढे केला आणि स्पर्धेतलं भाषण सुरू केलं. 'सन्माननीय व्यासपीठ' इथपासून मी विज्ञानाच्या प्रगतीपर्यंत पोचले होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, उच्चार उत्तम आहेत, आता थांबलं तरी चालेल. बुधवारपासून खातेय आणि अजून एवढं बोलतेय, म्हणजे घाबरण्यासारखं दिसत नाही. तरी दोन दिवस लक्ष ठेवा, जरा काही वाटलं तर लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. उरलेली चटणी फेकू नका, बंद करून ठेवा. आणि घरी मुलीला बोलतं ठेवा, असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, ते औषध लागणार नाही.

सोमवारी मी जिवंत होते आणि कंपनीचा फोन आला. तीच मुलगी. मॅडम, प्रॉडक्ट परत मिळालं का? मी म्हटलं, हो, दोन घरं फिरून आपणहून परत आलं, तुम्ही मागवायच्याही आधी. ती म्हणाली की झालेल्या त्रासाबद्दल कंपनी एक नवीन बाटली देऊ इच्छिते, आणि सध्या त्या बाटलीवर दुसरी मोफत आहे. मी फोन ठेवला. माणसाला कुठेतरी थांबता आलं पाहिजे.

डबे मात्र खरंच थांबले. वहिनी फोनवर बोलायच्या, समोरचं दार उघडायचं आणि लागायचं, पण कोणाच्या हातात काही नसायचं. आई पहिल्यासारखीच होती. विहारात जात होती, कागद बदलत होती, मला अभ्यासावरून बोलत होती. फक्त भंडाऱ्याच्या मामीनं फोनवर विचारलं की जवस पाठवू का, तेव्हा आई म्हणाली, राहू दे, आहे तो पडलाय. मला रात्रीचं जिवाणूंचं भय वाटेनासं झालं होतं. भय वाटत होतं ते त्या पडलेल्या जवसाचं. तो जर असाच पडून राहिला तर आमचं आणि समोरचं दार पुन्हा फक्त केळी-डाळिंबांपुरतं उघडेल, आणि त्याला कारण माझं बंद नाक. शेवटी मी काही न बोलता पातेलीत जवस काढून आईपुढे ठेवला. आईनं माझ्याकडे पाहिलं, पातेलीकडे पाहिलं, आणि गॅस पेटवला. आपल्याला खायला काय झालं, असं पुटपुटली.

चटणी कुटून झाली आणि बेल वाजली. एकदाच, तीही अर्धी.

द्वारकाकाकू होत्या. हातात डबा, त्यावर कोरलेलं 'दी. ग. आगाशे'. त्यांनी तो आईपुढे धरला. आईनं घेतला आणि हातातच तोलला. कळत होतं, हलका होता. काकूंनी स्वतः झाकण काढून दाखवलं. आत काही नव्हतं.

"रिकामा आणलाय, चंपाताई," काकू म्हणाल्या. मेश्रामबाई नाही म्हणाल्या. "असा आणायचा नसतो, माहितीये मला. आजवर भरलेले दिले तुम्हाला, आणि काय केलं तेही तुम्हाला कळलंय. आज मागायला आलेय."

आई दारातून बाजूला झाली. काकू आत आल्या आणि स्वयंपाकघराच्या खुर्चीवर, टोकावर, बसल्या. आई खलबत्त्यातूनच चटणी डब्यात भरायला लागली.

"ही जवसाची," आई म्हणाली. "झिंग्याची वेगळी असते."

"झिंगे म्हणजे?"

"जवळा."

"मग तेच म्हणत जा की," काकू म्हणाल्या.

डबा भरला. काकूंनी झाकण लावलं नाही. त्यांनी चिमूट उचलली, थोडी मोठीच, आणि आमच्या दोघींच्या देखत तोंडात टाकली. पहिले दोन-तीन क्षण त्या चावत राहिल्या. मग त्यांचे कान लाल झाले. आईची चटणी भंडाऱ्याच्या मिरचीची असते, तिला ओळख लागते. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्यांनी हात पुढे केला.

"पाणी."

आई जागेवरून हलली नाही. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग तिनं माठातून पेला भरला आणि स्वतः काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो एका दमात संपवला, तोंड पदरानं पुसलं, आणि पेला परत पुढे केला. आईनं परत भरला.

"फार तिखट करता हो तुम्ही," काकू धापा टाकत म्हणाल्या. "आणि मीठही पुढे आहे."

आईचा चेहरा असा खुलला की मी तो ढाल मिळाली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता. चटणी छान झाली म्हणणाऱ्यानं ती खाल्लेली नसते, हे आता आम्हाला पक्कं माहीत होतं.